टिबच्या स्वयंपाकघरातला नळ

मी, हेस्टर प्लाउडन, वय एकोणऐंशी, राहणार लडलोजवळ, श्रॉपशर, व्यवसाय कादंबऱ्या लिहिणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. उभा जन्म ड्रॅगनांच्या संगतीत गेला तरी माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. होता तो माझे संपादक मिस्टर पेल्हॅम यांचा, त्यांचा समाचार पुढे घेतला आहे. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर आणि बाग माझी भाची थीया हिला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मांजर घराबरोबर आहे. तिला ते आवडो वा न आवडो.

२. चिनीमातीची किटली शेजारीण नेस्टा ग्विलियम हिला द्यायची होती. पण साक्षीदाराला वारसा मिळत नाही, आणि सहीला तिच्याइतकं भरवशाचं दुसरं माणूस नाही. हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग आत्ताच दे की! तुझ्या मरणाची वाट कशाला बघायला लावतेस?" किटली काल तिच्या घरी गेली.

३. मिस्टर पेल्हॅम यांना हेरिंग मासळीचा एक डबा. माझी पहिली गोष्ट ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यातल्या चेटकिणीची होती. ती वाचून ते म्हणाले, "हेस्टरबाई, झकास! फक्त मासळी काढा आणि किल्ला घाला."

"का हो?"

"किल्ला म्हटलं की बुरूज, खंदक, धुकं, सगळं वाचक घरूनच घेऊन येतो. कारखाना तुम्हाला वीट न् वीट रचून दाखवावा लागेल. कोणाला वेळ आहे?"

त्यांचं खरं ठरलं, याचाच राग आहे. पडका किल्ला माझ्या खिडकीतून दिसतोच. बघत गेले, लिहीत गेले. आठ भाग निघाले. त्यात शतकं उलटली, राजघराणी बुडाली, पण एकाही शहाण्याला नवा शोध लावावासा वाटला नाही. राजवाड्यातली मोलकरीण टिब पहिल्या पानापासून विहिरीचं पाणी वाहते आहे. दर भागात मी तिला नळ दिला आणि दर भागात पेल्हॅमनी तो खोडला.

४. माझ्या वाचक मंडळाचे अध्यक्ष रॉडरिक स्टॅनियर यांना दोन बादल्या आणि एक कावड. हे गृहस्थ एरवी दातांचे डॉक्टर. दर मे महिन्यात मंडळी चिलखतं चढवून किल्ल्यापाशी तंबू ठोकतात आणि आल्या आल्या माझ्या दारात विचारतात, "बाई, नळ कुठंय?" गेल्या वर्षी मी सांगितलं, की नवव्या भागात टिबला नळ मिळणार.

"नळ?" स्टॅनियर कळवळले. "अहो, सगळी मजाच गेली की! ड्रॅगन पटतो हो, नळ नाही पटत."

हे बोलताना ते माझ्याच नळावर बाटली भरत होते.

बादल्या माझ्या आईच्या आहेत. मी नऊ वर्षांची होईपर्यंत ती इथल्याच टेकडीखालच्या विहिरीवरून पाणी आणायची. तिचा उजवा खांदा कायमचा खाली गेला होता. नळ आला त्या दिवशी ती तो नुसता उघडत आणि बंद करत राहिली, मग ॲप्रनमध्ये तोंड घालून रडली. टिब म्हणजे माझी आई आहे, हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. दुरून डोंगर साजरे, तशा विहिरीही. मी गेल्यानंतरच्या पहिल्या मेमध्ये साऱ्या तंबूंचं पाणी स्टॅनियर यांनी त्याच विहिरीवरून आणावं. चिलखतवाल्यांना माझा नळ बंद.

५. नववा भाग पावाच्या डब्यात आहे. त्यातला नळ कोणी काढल्यास सर्व पुस्तकांचे हक्क गाढवांच्या आश्रमाला जातील. पेल्हॅमनी थीयाला फोन करून विचारलं म्हणे, "नळाऐवजी जादूचा झरा चालेल का?" चालणार नाही. झऱ्यावरूनही पाणी कोणीतरी वाहूनच आणतं. नळ चुलीशेजारीच हवा, आणि तो टिबनेच उघडायचा.

६. अंत्यविधीला तुताऱ्या नकोत. चहा नेस्टा करील. किटली आता तिचीच आहे.

हेस्टर प्लाउडन
लडलोजवळ, ९ मार्च २०२५

आम्हा दोघांसमोर बाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:

नेस्टा ग्विलियम, शेजारीण. (किटली आधीच मिळाली.)

बार्नबी हॉटन, प्लंबर. बाईंच्या सांगण्यावरून नवव्या भागातला नळ तपासला. जोडणी पक्की आहे. टिब नळ उघडते ते पान ओलं लागलं, पण गळती नळाची नाही.