परतवाड्याला पाठवलेला माणूस

राजापेठ, ३० नोव्हेंबर, दिवेलागण

बाबांना अकोटहून इकडे आणून आज महिना झाला. कपाशी अळीनं खाल्ल्यापासून ते बोलेनासेच झालेत, म्हणून शिकवणी संपली की मी त्यांना वाचून दाखवते. तीन कादंबऱ्या झाल्या, कथा तर कितीतरी. वाचनालयात उभ्या उभ्या आधी शेवटचं पान बघते. कोणी जीव देत असेल तर पुस्तक परत कपाटात.

एका कथेचं मात्र बघायचं राहिलं. वाचता वाचता त्यातला माणूस विहिरीच्या काठावर आला. मी त्याला तिथूनच परतवाड्याच्या जीपमध्ये बसवलं, तिथे चहाचं दुकान टाकून दिलं. बाबा नुसतं "हं" म्हणाले. मला वाटलं, निभावलं.

आज तेच पुस्तक त्यांच्या उशीखाली सापडलं. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "पुस्तकात तं तो इहिरीत उडी मारते. तू त्याले परतवाड्याले कावून धाडलं?"

ते पान त्यांनी कधी वाचलं? किती दिवस मनात घेऊन बसले होते?

मी पुस्तक बदलायला पिशवी घेऊन निघाले, तर मागून आवाज आला, "बाई, शेवटचं पान पाहून आनजो."