यांच्या पायाच्या मापाची गिटार

साखरखेर्डा,
मंगळवार, दुपार

चि. सौ. दीपमालास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? पोळ्या लाटताना पाठीशी उशी घे म्हटलं होतं, घेत नसशीलच. आम्ही दोघं बरे आहोत. फोन सोडून ताईला पत्र कुठून सुचलं, म्हणशील. आमच्याकडे फोन स्पीकरवरच चालतो, आणि आपण दोघी बोलत असलो की तुझे भाऊजी मधूनमधून दुरुस्त्या करत असतात. म्हणून हा कागद.

यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. त्यानंतरचं मी तुला धड सांगितलंच नाही. डॉक्टरांनी पाऊल रोज खालीवर हलवायला सांगितलं होतं. हे हलवायचे नाहीत. तो पाय शेजाऱ्यांनी सांभाळायला दिल्यासारखा समोरच्या स्टुलावर ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. मी तेल घेऊन गेले की, "राहू दे, दुखते." बत्तीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवणारा, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर मांडीवरची स्टील गिटार वाजवत निम्मा जिल्हा फिरलेला माणूस दिवसाला चार वाक्यांवर आला. (त्यातली दोन चहाची.) मला भीती वाटायला लागली होती दीपा. घरात माणूस होता, पण चाहूल नव्हती.

शेवटी मी तुझ्या भाच्याला, हर्षलला कळवलं. त्याने कॅनडातल्या एका म्हाताऱ्या वादकाची पेडलवाली स्टील गिटार घेऊन पाठवली. हिला गिटार म्हणायचं, पण दिसायला चार पायांचं अरुंद टेबल. वर तारा आडव्या, खाली पायाने दाबायचे तीन पेडल, प्रत्येक पेडलपासून वर गेलेली एक लोखंडी सळई. पेडल दाबला की तार ताणते आणि सूर चढतो. शिवाय गुडघ्याने ढकलायच्या दांड्या. खोकं उघडलं आणि यांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा आपणहून चष्मा मागितला.

पण जुना मालक सहा फुटी असावा. तुझे भाऊजी पाच फूट दोन इंच. (लग्न ठरवताना पाच फूट चार सांगितले होते, ते असो.) खुर्चीवर बसले तर टाच जमिनीला आणि चवडा आभाळाकडे, नडगीत कळ. खुर्चीवर उशी ठेवली तर गुडघे दांड्यांना अडकले आणि न दाबताच सूर बदलले. मग गिटारच्या पायांखाली विटा लावल्या, तर पेडल आणखीच वर गेले. बाजारातल्या वेल्डिंगवाल्या अकरमला बोलावलं. त्याने चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, याचे पाय चार इंच कापू का?" यांनी मान डोलावली. मी मधे पडले नसते, तर कॅनडाच्या त्या म्हाताऱ्याच्या वाद्याचा पाट झाला असता.

अकरम चहा पिऊन गेला आणि मी टेप घेऊन खाली बसले. चाळीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवलं आहे मी. टाच कुठे टेकावी, चवडा कुठे लागावा, हे मला कोणी सांगायला नको. सळयांना आटे असतात, त्या फिरवल्या की पेडल खालीवर होतात, हेही पाहून घेतलं. पहिल्याच झटक्यात मी ते इतके उतरवले की दाबल्यावर फरशीला टेकायचे आणि सूर अर्ध्यावरच थांबायचा. हे चिडले. म्हणाले, "तुले वाद्यातलं काय समजते?"

मी म्हटलं, "वाद्यातलं नाही समजत. तुमचा पाय समजते."

यांनी स्टुलावरचा पाय उचलून माझ्यासमोर ठेवला. दीपा, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी पाऊल हातात धरून पेडलवर ठेवायची, सळई अर्धा आटा फिरवायची, हे दाबून बघायचे. "जरा वर." "आता खाली." "अंहं, मधला एकटाच उंच राह्यला." एक पाऊल दोन पेडल एकदम दाबतं, म्हणून दोन्ही एका पातळीत हवेत, हे मला त्या दिवशी कळलं. दुपारची संध्याकाळ झाली. माझी कंबर गेली, डाळ करपली. मग यांनी दाबलं आणि सरळ तारेवर लोखंडी कांडी सरकवून वाजवायला लागले. मी करपलेल्या डाळीचं निमित्त करून आत गेले.

आता सकाळ-संध्याकाळ वाजवतात. पाऊल आपोआप हलतं. परवा एकटे बाजारात जाऊन वांगी घेऊन आले. (किडकी होती. तरी भाजी केली.)

हर्षलची मावशी म्हणून एकदा येऊन ऐकून जा. भाचरांना आशीर्वाद.

तुझी ताई,
सत्यभामा

ता. क. खरं लिहायचं होतं ते हे. दुपारी हे झोपले की मी गिटारवर बसते. मशीनवर बसून बसून पाय तयारच आहे, हात तेवढे फसतात. नवल म्हणजे मी यांच्यापेक्षा बुटकी, तरी पेडल मला अगदी बरोबर लागतात. तुझे जावई प्रसेनजित बुलढाण्याला गाणं शिकवतात ना? चौसष्टाव्या वर्षी बाईला शिकता येईल का, तेवढं विचारून ठेव. नाव सांगू नकोस. आणि यांना तर अजिबात कळू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. दीपमाला, मी शालिग्राम. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, चिकटवण्याआधी वाचलं. शुद्धलेखनाच्या सहा चुका तशाच ठेवल्या आहेत. जावईबापूंना त्रास देऊ नका. दुपारी मी झोपत नाही, ऐकतो. तिचा डावा हात घाई करतो, बाकी हात चांगला आहे. आणि ते पेडलचं नवल नाही. जेवण झालं की मी तिन्ही सळया दोन-दोन आटे उतरवून ठेवतो, चहाच्या आधी पुन्हा चढवतो. त्यासाठी खाली वाकावं लागतं. वाकतो.