दुसरा घोट

३ फेब्रुवारी, मंगळवार. दिवस ४०३.
सकाळी ८ किमी. भांडुपपर्यंत जाऊन परत. डावा गुडघा कुरकुरतोय, पण त्याला दुसरं येतं काय. घरी आलो तेव्हा शुभदा कॅलेंडरसमोर उभी. रोज चहाआधी ती कालच्या चौकोनात लाल ठिपका देते. मी कधी मागत नाही, ती कधी विसरत नाही.
निनादचा फोन. आमच्या रनिंग ग्रुपमधला सगळ्यात उत्साही प्राणी. "सर, बावीसला अंधेरीत फन रन आहे. पाच किलोमीटर, पाच बियर! आणि गेस्ट कोण माहितीये? आपला इन्स्पेक्टर!"
इन्स्पेक्टर म्हणजे त्या रात्री आठच्या मालिकेतला. त्याच्यापायी शु.ने आजवर कितीतरी भाज्या करपवल्या आहेत.
नाही म्हणालो.

५ फेब्रु., गुरु. दिवस ४०५.
निनादला वाटलं, मी भाव खातोय. म्हणून आज सगळ्यांसमोर विचारलं. "सर, पेसर तुम्हीच. शेवटची बस तुमची. इन्स्पेक्टरसाहेब तुमच्याबरोबर धावणार."
शेवटची बस म्हणजे झेंडा घेऊन सगळ्यात हळू मंडळींना ४५ मिनिटांत पोचवायचं. ते काम मला जमतं. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सत्तावीस वर्षं तेच करतोय.
"पण बियर..." म्हणालो, तर मीनल म्हणाली, "सर, तुमच्या शुगरचं माहितीये ना आम्हाला. तुमच्यासाठी लिंबू सरबत ठेवू."
मला शुगर नाही. मी घेत नाही याचं कारण म्हणून ती थाप मीच सोडली होती. आता वाढदिवसाला अकरा माणसं केक खातात आणि मला काकडी देतात.
खरं कारण सांगितल्याशिवाय नाही म्हणता येईना. हो म्हणालो.

८ फेब्रु., रवि. दिवस ४०८.
१४ किमी. नव्या मंडळींना पाणी घ्यायला शिकवलं. टेबल डावीकडे धरायचं. थांबायचं नाही. कप वरून चिमटायचा म्हणजे सांडत नाही. बघत बसायचं नाही, वास घेत बसायचं नाही. उचलला की घशात. "हात आपोआप गेला पाहिजे," असं दहा वेळा बजावलं. कदमबाईंनी तीन कप अंगावर घेतले. चौथा जमला. टाळ्या.

१० फेब्रु., मंगळ. दिवस ४१०.
दारू सोडलेल्यांची मीटिंग. परबकाकांना सांगितलं. ते बावीस वर्षं कोरडे आहेत, मला धरून चालवणारे तेच. पूर्वी बस डेपोत नोकरीला होते. ऐकून चष्मा काढला, पुसला, घातला.
"हलवायाच्या दुकानात बसान उपास करूक जमता काय रे कोणाक?"
"काका, लिंबू सरबत आहे वेगळ्या टेबलावर."
"टेबलाचां माका सांगा नको. तुझां सांग."
माझं काय सांगणार. मला जायचंय. इन्स्पेक्टरबरोबर फोटो काढून शु.ला दाखवायचाय. आणि जमतं हेही दाखवायचंय. कुणाला, ते माहीत नाही.

१२ फेब्रु., गुरु. दिवस ४१२.
शु.ला सांगितलं. वाटलं होतं, भडकेल. पोळी लाटत होती, लाटत राहिली.
"जा. तुझं तू बघ. माझी अट माहितीये ना तुला?"
माहितीये. दीड वर्षापूर्वी गणपतीत मखर काढायला माळ्यावर चढली आणि मखराच्या खोक्यात तिला बाटली सापडली. आरतीपर्यंत एक शब्द बोलली नाही. विसर्जन झालं त्या रात्री भावाकडे कल्याणला गेली. मी डिसेंबरात सोडली, ती एप्रिलमध्ये आली. येताना म्हणाली होती, "प्यायलास तर सांग. ओरडेन, रडेन, पण राहीन. लपवलंस तर मात्र बॅग भरलेली समज. मला बाटलीचं नाही रे, त्या खोक्याचं लागलंय."
अजूनही ती खोकी उघडताना थबकते. बुटांचं असलं तरी.

१५ फेब्रु., रवि. दिवस ४१५.
महाशिवरात्र. खिचडी खाऊन १६ किमी. शहाण्या माणसाने करू नये ते केलं. वाट लागली.

२१ फेब्रु., शनि. दिवस ४२१.
झेंडा आणि टी-शर्ट आला. पाठीवर हे भलंमोठं बियरच्या मगाचं चित्र. शु. म्हणाली, "हे घालून सोसायटीतून जाऊ नकोस. वरून शर्ट घाल." मग म्हणाली, "त्याला विचार, तो त्या डॉक्टरणीशी लग्न करणार का शेवटी."
दुपारी चारला रन. उन्हाची वेळ, पण पबची परवानगी तशीच. रस्त्यावर प्यायला बंदी, म्हणून एक किलोमीटरची फेरी मारून दर वेळी पबच्या आवारात यायचं, कप रिकामा करायचा, पुन्हा बाहेर. पाच वेळा.

२२ फेब्रु., रवि. दिवस ४२२.
दमलोय. थोडक्यात.
इन्स्पेक्टर प्रत्यक्षात बुटका. मालिकेत खालून शूटिंग करतात वाटतं. पण माणूस गोड. पोट सांभाळत, धापा टाकत धावत होता आणि दर फेरीला फोटोसाठी कप उंचावत होता. कप त्याचा पोरगेला असिस्टंट वेगळा आणून देई. डॉक्टरणीबद्दल विचारलं. म्हणाला, "सर, मलाच सांगत नाहीत हो."
आवारात डावीकडे सरबत, उजवीकडे बियर. तीन फेऱ्या झकास. चौथ्या फेरीला फोटोवाल्याला उजेड मिळेना, म्हणून त्यांनी टेबलं इकडची तिकडे केली. आम्ही बाहेर होतो, आम्हाला कोण सांगणार. घसा कोरडा पडलेला. मी डावीकडे हात घातला, कप चिमटला, घशात. बियर.
थुंकलो लगेच. निनाद रडायच्या बेतात. "सर, शुगर! शुगर वाढली तर?"
पाचवी फेरी पुरी केली. ४४ मि. ५० से. पार्टीला थांबलो नाही.
शु.ला घरी आल्या आल्या सांगितलं. चुकून तोंडात गेली, थुंकलो. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाणी दिलं.

२३ फेब्रु., सोम. दिवस ४२३.
सकाळी ठिपका. रोजच्यापेक्षा मोठा दिला. मग भावाला फोन केला, मी आंघोळीला गेलोय असं समजून. "अरे, तोंडात गेली तरी थुंकला! आणि येऊन सांगितलंन मला, आपणहून!" आवाज असा की मुलगा बोर्डात आल्यासारखा.
शिरा केला होता. दोनदा वाढला.

२४ फेब्रु., मंगळ.
आकडा लिहीत नाही.
रविवारी इथे लिहिलं ते खोटं आहे. स्वतःच्या वहीत खोटं लिहिणारा माणूस मी एकटाच असेन.
थुंकलो नाही.
पहिला घोट चुकून. ते देवाशपथ खरं. हात आपोआप गेला, मीच शिकवलेलं. घशाखाली उतरल्यावर कळलं. अर्धा कप उरला होता. थंड होता. मी उभा होतो, झेंडा खांद्याला टेकवून. तीन सेकंद असतील, चार असतील. कळत होतं सगळं. चारशे बावीस दिवस, शु., परबकाका, खोकं, सगळं एका रांगेत उभं होतं. आणि मी उरलेला अर्धा कप प्यायलो.
मग खोकलो. थुंकल्याचं नाटक केलं. निनाद आला तो त्यानंतर.
एकाने पाहिलं. इन्स्पेक्टरने. रन संपल्यावर सगळे केक कापायला पळाले तेव्हा तो माझ्याजवळ आला. धाप अजून चालू.
"सर, दुसरा घोट मी पाहिला हां."
मी झेंडा गुंडाळायला लागलो.
त्याने आपला कप माझ्या नाकाखाली धरला. सफरचंदाचा ज्यूस. "तीन वर्षं झाली. बायको आणि हा असिस्टंट, दोघांनाच माहितीये. लोकांना पिणारा इन्स्पेक्टर आवडतो. कोरड्या इन्स्पेक्टरला पार्टीला कोण बोलावणार? आणि पार्टीला नाही गेलो तर कामाला कोण बोलावणार?" हसला. मग हसू गेलं. "मी प्यायल्याचं नाटक करतो. तुम्ही न प्यायल्याचं कराल. तुमचं अवघड जाईल, सर. घरी कुणी आहे ना? आजच सांगा. उद्या जड होतं."
फोटोवाला आला तसा त्याने कप उंचावून "चीअर्स!" अशी आरोळी ठोकली. माझ्या खांद्यावर हात. तो फोटो शु.ने फ्रिजवर लावलाय. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.
त्याच दिवशी सांगायचं होतं. मी अर्धं सांगितलं. आता उरलेलं अर्धं आख्ख्यापेक्षा मोठं झालंय.

२५ फेब्रु., बुध.
ठिपका दिला. मी बघत होतो. "उशीर होतोय," म्हणालो आणि चहा न घेता निघालो. लॅबमध्ये ब्युरेट फोडलं.
रात्री प्यावंसं वाटलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण मला स्वतःलाच त्याची भीती होती. फक्त लाज वाटतेय. लाजेला वास नसतो, म्हणून ती घरात लपवता येते.

२६ फेब्रु., गुरु.
संध्याकाळी परबकाकांकडे भांडुपला. काकी सोलकढी घेऊन आल्या, माझं तोंड बघून पेले ठेवून आत गेल्या.
सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, बघ, सांगितलेलं. तसं म्हणाले नाहीत. एक पेला माझ्याकडे सरकवला.
"पयलो घोट चुकान गेलो, तां मी मानतंय. दुसरो तुझो. तोय मानतंय. माणूस पडता. पण शुभदेक सांगलंस?"
"अर्धं."
"अर्ध्यान काय जाता रे? अर्धी बाटली लपवलंस तरी खोकां तांच."
घरी येताना ते वाक्य पायात घोळत होतं. शु. मालिका बघत होती. "ये ना, तुझा मित्र आलाय बघ." इन्स्पेक्टर कुणाला तरी दरडावत होता, "खरं बोल, तुझ्याकडे वेळ कमी आहे." मालिकावाले पण ना.
बोललो नाही. ती खूश होती. कारण सोपं होतं, म्हणून पुरलं.

२८ फेब्रु., शनि.
सांगितलं.
दुपारी. ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि दोन काड्या निवडल्या, मग हात थांबला. म्हणालो, "रविवारी मी थुंकलो नव्हतो. अर्धा कप चुकून, अर्धा कप जाणून."
ती निवडत राहिली.
"सोमवारी का नाही सांगितलंस?"
"तू ठिपका दिला होतास."
"म्हणजे सहा दिवस मी देत गेले आणि तू बघत गेलास."
मी हातातली काडी खाली ठेवली.
"कसली भीती वाटली रे?"
"तू जाशील."
"आणि परत पिशील, याची नाही वाटली?"
वाटली होती. पण दुसऱ्या नंबरला. तेही सांगितलं. आता काय राहिलं होतं.
मग रडली. ओरडली नाही. ओरडेन म्हणाली होती, त्याची मी वाट बघत होतो. म्हणाली, "मी दादाला फोन केला होता, माहितीये तुला?"
"ऐकला."
"ऐकलास!" एवढंच. ते "ऐकलास" मला जन्मभर पुरेल.
मेथी पूर्ण निवडली. भाजी केली. करपली नाही, खारट झाली नाही. आम्ही जेवलो. मालिका लावली नाही. फ्रिजवरचा फोटो तिथेच आहे. बॅग माळ्यावर आहे. झोपायच्या आधी दोनदा बघून आलो.

१ मार्च, रवि.
पाचला जाग. ग्रुपवर टाकलं, आज येत नाही. मीनल: "सर, शुगर ठीक ना?" तिला नंतर सांगेन. सगळ्यांनाच सांगेन. आज एका घरातलं पुरे.
बाहेर आलो तर कॅलेंडरचं पान उलटलेलं. मार्च. कोरा. म्हणजे ती माझ्याआधी उठली होती.
फेब्रुवारीचं पान मागे करून पाहिलं. मोठा ठिपका तसाच. त्यापुढचेही तसेच, खाडाखोड नाही. सत्तावीसपर्यंत आहेत. कालचा चौकोन रिकामा.
काल मी प्यायलो नव्हतो. काल मी सांगितलं होतं. पण ठिपका कशाचा असतो, हे आम्ही कधी बोललोच नाही.
लाल पेन खिळ्याला दोरीने बांधलेलं असतं. दोरी सोडलेली. पेन टेबलावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी. चहा झाकून ठेवलाय. पेन मुद्दाम ठेवलंय की पान उलटताना राहिलंय, कळत नाही.
ती गॅलरीत कपडे वाळत घालतेय, पाठमोरी. मी इथे बसून लिहितोय हे तिला माहितीये. दिवस किती लिहू, एक की सात की चारशे एकोणतीस, हे तिलाच विचारणार आहे. आणि पेन कुणी धरायचं, तेही.
बादलीत अजून दोन चादरी आहेत. तेवढ्या होऊ देत.