कलपाचं टोपडं

अहो,

नातीसाठी विणलेलं क्रोशाचं पांढरं टोपडं सापडलं. तुमच्या जुन्या बुटात, पार पुढे कोंबलेलं. कपाळावर ओघळलेला कलप पुसलात ना त्याने? काळे डाग आणि बुटाचा कुबट वास. चिमटीत धरून काढावं लागलं.

टोपडं काय, आठवड्यात दुसरं विणेन. किळस आली ती तुमची. सोमवारी मी भांडीवाल्या मावशींना तोंडावर विचारलं, "तुमच्या सुनेच्या बाळासाठी नेलंत का?" तेव्हा तुम्ही तिथेच पेपर धरून बसला होतात. त्या रडत म्हणाल्या, "ताई, अकरा वर्षं तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे." तुम्ही पान उलटलंत. किल्ली ओट्यावर ठेवून त्या निघून गेल्या, तरी तुमचा पेपर खाली आला नाही. वर रात्री मला म्हणालात, "आजकाल कुणाचा भरवसा नाही."

आळ घेतला मी, म्हणून आधी मी जातेय त्यांच्याकडे. दारातून हाकललं तरी माफी मागून येईन. तिथून परस्पर लेकीकडे. स्वयंपाक केलेला नाही.

तुम्हीही मावशींकडे जा आणि खरं काय ते स्वतःच्या तोंडाने सांगा. मगच नातीला बघायला या. लेकीला सांगून ठेवणार आहे, मावशींचा फोन आल्याशिवाय बाळ तुमच्या हातात द्यायचं नाही.