मारुतीच्या रुईवरची अंडी

विश्रांतवाडी, सोमवार

राजमान्य राजश्री जयसिंगराव, मु. वाघोली, यांस,

इम्तियाजचा सलाम आणि रामराम. हवा तो ठेवून घ्या, उरलेला वहिनींना द्या. आपली गुडघेदुखी थांबली असेल अशी आशा आहे. (नसेल तर निदान बांधावर हिंडून लोकांना झाडं वाटणं तरी थांबेल.)

कारण तुम्ही दिलेलं ते रुईचं रोप. "फुलपाखरं येतील, फोटो काढा," म्हणालात. आली. केशरी, काळ्या काठाची. पानाखाली अंडी घातली, पट्टेरी अळ्यांनी अर्धं झाड फस्त केलं आणि एक कोष करून लटकली. त्यातून फुलपाखरू बाहेर पडतानाचा फोटो काढायचा, एवढीच आता माझी महत्त्वाकांक्षा. (तुमची रझियाभाभी म्हणते, बढतीसाठी इतका जीव टाकला असता तर.) पण रुईची पानं मारुतीलाही लागतात, हे तुम्ही बोलला नाहीत. शनिवारी उजाडताच शेजारच्या सोजरबाई हारासाठी पानं खुडायला हजर, तेही न विचारता.

भांडण नको म्हणून मी डोकं चालवलं आणि पाटी लावली, ‘पानांवर अंडी आहेत’. दुपारपर्यंत गल्लीभर बातमी, की इम्तियाजभाई मारुतीच्या रुईवर अंडी फोडतात. सोजरबाई जाब विचारायला आल्या. मी पान उलटं करून टाचणीच्या डोक्याएवढं अंडं दाखवलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशा अंड्याला एवढी मोठी पाटी?" पुढच्या शनिवारी त्यांनी अंडी असलेलं एकही पान तोडलं नाही. कोष असलेलं तोडलं. (त्यावर अंडं नव्हतं.)

मी कॅमेरा घेऊन देवळात धावलो. कोष रिकामा. फुलपाखरू मारुतीच्या खांद्यावर पंख वाळवत बसलेलं आणि बाई हात जोडून उभ्या. फोटोत फक्त त्यांची पाठ आली. फार वाईट वाटलं, खरंच सांगतो. ज्याला ना कॅमेरा ना हौस, त्या मारुतीला सगळं बसल्याजागी दिसलं. आता सोजरबाई भेटल्या की म्हणतात, "काय सुंदर निघालं हो, तुम्ही यायला हवं होतं."

तरी आपलं झाड परत घेऊन जावं, ही विनंती.

आपला,
इम्तियाज

ता. क. झाड नेऊ नका. दुसरी अळी लटकली आहे.

ता. क. आणखी एक. शनिवारच्या आत भरपूर पानांचं दुसरं रोप घेऊन या, सोजरबाईंच्या दारात लावायला. त्यांना विचारलं, खुशीनं हो म्हणाल्या. फक्त बिनअंड्याचं आणा म्हणाल्या.