शेपेच्या अर्काचा परवाना

ता. ४ मार्च ५४, गुरुवार
बाजारातनं अर्क काढायचं भांडं आणलं. तांबटानं तीन वायदे मोडून चौथ्याला दिलं, तेबी नळी वाकडी. म्हणलं, देवानं तुझी मान अशी बसवली असती तर चाललं असतं का? तितंच बसून सरळ करून घेतली.
विष्णूनं भांडं बघून तोंड फिरवलं. पोटचा पोरगा, पण बोलणं फौजदाराचं. "आये, साठीला आलीस, आता भट्टी लावतीस व्हय? दारूबंदी हाय सरकारची." म्हणलं, शेपेचा अर्क हाय मेल्या, बाळंतिणीच्या आन् तान्ह्याच्या पोटाला. दारू न्हवं.
ठरलं ते लिहून ठेवते, म्हंजी फिरायला नको. पाडव्याच्या आत परवाना आला तर भांडं माझं. न्हाय आला तर न्हाणीत, पाणी तापवायला.

ता. ५
विष्णू इचारतो हे खूळ आणलं कुठनं. वेंगुर्ल्यातनं आणलं. परसाल लेकीच्या बाळंतपणाला चार महिने तितं ऱ्हायले. समुद्र बघितला. खारट वारा, लुगडं म्हणून वाळत न्हाय. पण शेजारची रोजीबाय ध्यानात ऱ्हायली. काजूचं बोंड लोक फेकून देत्यात, ती त्याची दारू काढायची. बंदी आली तवा तेच भांडं घासून ओव्याचा अर्क काढाय लागली आन् गावभर खपवला. नळी, झाकणाला कणकेचा लेप, मंद जाळ, समदं बघून घेतलं.
हितं आमच्या मळ्यात शेपू फुलून जातो. बाजारात कुत्रं इचारत न्हाय, विष्णू उपटून बांधावर फेकतो. त्याचं बी म्हंजीच बाळंतशेप. एवढी साधी गोष्ट, पण ह्या घरात...

ता. ९, इंदापूर
सकाळी परवान्यासाठनं बारामतीला दारूबंदीच्या कचेरीत. कारकून म्हणला, दोन तालुक्यांना साहेब एकच, ते इंदापुरात. एष्टीनं इंदापूर. तितं म्हणत्यात साहेब फिरतीवर, उद्या येतील. निघताना सुनेला सांगितलं हुतं, शेप भिजत घाल, उद्या येऊन भट्टी लावते. कसली उद्या. भाचीकडं मुक्काम. भाचीचा नवरा घोरतो, एष्टी बरी.

ता. ११
साहेब आले, जेवले, निजले. चार वाजता अर्ज घेतला. म्हणले एक बाटली नमुना आणा, पुण्याला तपासणीला जाईल, मग परवाना. हे पैल्या दिवशी कारकुनाला सांगता येत न्हवतं? त्याच्या जिभेला काय परवाना लागतो?

ता. १२
सांगवीला घरी परत. शेप तीन दिवस भिजून फेसाळलेली, वास आंबूस. सून म्हणली, "आत्या, फेकून देऊ?" म्हणलं, फेकायला तुझ्या बापाचा मळा न्हाय. लावली भट्टी. अर्क असा उतरला, थेंब जिभेवर ठेवला तर कानापर्यंत गेला. रोजीबायनं बघाय पाहिजे हुता.

ता. १४
शेजारचे गणपतआबा पोट धरून आले. अर्धी वाटी दिली. दुपारभर निजले, उठून बायकोला लक्ष्मी म्हणले. चाळीस वर्षांत पैल्यांदा. ती भिऊन माझ्याकडं पळत आली.
खालच्या आळीच्या सखूचं तान्हं लई रडायचं. चमचाभर दिला, दिवेलागणीपर्यंत निजलं. सखू शिशी भरून घेऊन गेली. विष्णू भांड्याकडं बघत न्हाय. बघत न्हाय म्हंजी जळतोय.

ता. १६
पुन्हा इंदापूर. बाटली दिली. कारकुनानं बुचावर लाखेचा शिक्का मारला. आठ दिवस म्हणला. कंबर मोडली एष्टीत.

ता. १९, शिमगा
दुसरी भट्टी. शेप ह्या खेपेला माझ्या हातानं भिजवली, एकच रात. अर्क साफ, वास शेपेचा. आबांनी घोट घेतला आन् वाटी खाली ठेवली. "वैनी, ह्यात जीव न्हाय. पैला द्या." मीबी चाखून बघितला. खरंच, कानापर्यंत गेला न्हाय.
सुनेला इचारलं, मागल्या खेपेला काय केलंस?
"काय न्हाय आत्या. नेमानं केलं. शेप भिजवली, गूळ घातला."
"गूळ?"
"बाळंतिणीच्या शेपेत घालत्यातच की. भांडं मोठं म्हणून दोन शेर घातला."
गूळ, पाणी, तीन दिवस, हे ऊन. रोजीबाय सांगायची ते बोंडाच्या रसाचं पिंप डोळ्यापुढं आलं, त्यालाबी असाच फेस यायचा. जन्मात दारूला शिवले न्हाय म्हणून जिभेला कळलं न्हाय. आबाला पाजली, तान्ह्याला पाजली, सरकारला शिक्का मारून दिली.
आधी सखूकडं गेले. शिशी मागून घेतली, उकिरड्यावर ओतली, खरं काय ते सांगितलं. तिनं शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या. बरोबर हुत्या. सुनेला मातर काय बोलले न्हाय. भिजव म्हणलं, गूळ घालू नको म्हणलं न्हवतं.

ता. २०
विष्णूला सांगितलं. आधी हसला, मग हसायचा थांबला. "आये, पुण्याला बाटली उघडली की भांडं जाईल. तू जाशील. मळा माझ्या नावावर, मीबी जाईन." पैल्यांदा कामाचं बोलला. दुसऱ्या भट्टीची बाटली घेऊन जायचं आन् पैली बदलून आणायची.

ता. २३
इंदापूर. कारकुनाला इचारलं, बाटली पुण्याला गेली का? म्हणला न्हाय गेली. देव पावला म्हणते तर टेबलावरच बाटली, लाख फुटलेली, अर्क तळाला.
"साहेबांना पोटाचा तरास हाय आजी. वाईच घेतला, उतार पडला."
म्हणलं ही नवी घ्या, ही चांगली हाय. तेवढ्यात साहेब आले. बूच काढून हुंगलं, घोट घेतला, माझ्याकडं बघितलं.
"आजी, ही ती नाही."
"पैल्या खेपेला चूक झाली हुती साहेब."
"चूक कसली? परवाना पाहिजे ना? मग पहिल्यासारखाच नमुना आणा. पाडव्याच्या आत."
त्यांना कळलंय का न्हाय, तोंडावरनं काय समजेना. शिकलेल्या माणसाचं तोंड म्हंजी लावलेलं कवाड.

ता. २६
साधा अर्क देईन तर कागद हलत न्हाय. गुळाचा देईन तर हलंल, मग हर महिन्याला बाटली, आन् ज्या दिवशी न्हाय म्हणन त्या दिवशी बेडी. विष्णू न्हाणीत जाऊन चुलवणाचं माप घेऊन आला.
दुपारी सखू आली. पोर रडून निळं झालेलं. म्हणली, गूळ न घातलेला हाय का? बोळक्यातनं चमचाभर दिला. पोरानं ढेकर दिली, घटकाभर निजलं, उठून पाय झाडाय लागलं. एवढंच करायचं हुतं मला. पण ह्याला शिक्का कोण मारणार?

ता. २८
पाडव्याला सात दिवस. शेप सकाळी भिजत घातली, गूळ शेजारी काढून ठेवलाय. सून दोनदा येऊन गेली, "आत्या, झाकण ठेवू का?" म्हणून. म्हणलं, नको. ऱ्हाऊ दे उघडंच अजून...