लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची लाडकी गाडी काल टोचन करून आणली आणि दवाखान्यामागच्या शेडमध्ये लावली. आत पलंग आणि शेगडी घेऊन जी आपल्याला दर सुट्टीत तळ्याकाठी न्यायची, तिला दोरीने ओढत आणताना मला कसंसंच झालं. तुम्ही कबूल केलंय, विसरू नका. वीस एप्रिलला, तुमच्या सत्तरीच्या दिवशी, ती स्वतःच्या चाकांवर दारात आली तर राहील, नाहीतर भंगारवाला नेईल.

दोन्ही कार्बोरेटर काढलेत. आत पेट्रोल वाळून नुसता चिकटा झालाय. दिवसभर लोकांच्या दातांवरचं कीटण काढते, तर हे काय मोठं! डावे भाग निळ्या ट्रेमध्ये ठेवलेत, उजवे हिरव्यात. पुढे काय करायचं ते फोनवर विचारावं, तर तुम्ही कायम बागेत. दर वेळी आईच बोलते. एवढं काय पेरताय हो? निदान दोन ओळी तरी लिहून पाठवा.

गुडघ्यांना जपा आणि मला विसरू नका.
तुमची,
खुडबुडी

११ मार्च

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगितलेलं तू कधी ऐकलंस? कागद निदान भिंतीला चिकटवता येतो. तर नीट वाच. सगळे भाग दिवसभर क्लीनरमध्ये बुडवून ठेव, मग प्रत्येक भोकातून हवा मार. हवेचा पंप तुझ्या पेशंटच्या खुर्चीपाशी आहेच. सांध्यांमध्ये बसणारी गॅस्केट सगळी नवी. आणि ते पितळेचे इवलेसे जेट, ज्यातून पेट्रोल मापात येतं, त्यांच्या भोकात सुई नाही, तार नाही, काही म्हणजे काही घालायचं नाही.

शेवटचं काम दोन्ही कार्बोरेटर एकसारखे करायचं. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी. दोन्हीकडून सारखाच आवाज येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. ते शिकवायला मी येईन असं धरून चालू नकोस. आणि नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस, शेवटी लोखंडच ते.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
बाबा

२२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुरू झाली! पण असा काळा धूर ओकली की शेजारच्या चष्मेवाल्याने धाडधाड खिडक्या लावून घेतल्या. शेडभर पेट्रोलचा वास.

आता कबुली देते. तुमचं पत्र यायच्या आधीच मी डाव्या जेटमधून दाताच्या मुळात घालायची बारीक कानस फिरवली होती. काय चकचकीत झाला होता म्हणून सांगू! उजव्याची पाळी येणार तेवढ्यात पेशंट आला, म्हणून तो वाचला. रागावू नका.

काल फोन केला तर आई म्हणाली, तुम्ही झोपलाय. सकाळी अकरा वाजता? बाबा, खरं काय ते सांगा बघू.

तुमची काळजीत पडलेली,
खुडबुडी

२९ मार्च

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून एकटाच हसत सुटलो, तुझी आई येऊन बघून गेली. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, पण जेटचं रूट कॅनल केलेलं पहिल्यांदाच पाहतोय. अगं, भोक केसभर मोठं झालं तरी पेट्रोल जास्त येतं, म्हणून तो धूर. सोबत नवा जेट कापसात गुंडाळून पाठवतोय, माझ्या डबीतला शेवटचा. याला हात लावण्यापूर्वी कानस कुलुपात ठेव.

माझं म्हणशील तर ठणठणीत आहे. म्हातारा माणूस झोपला तर त्याची एवढी चौकशी कशाला?
बाबा

(त्याच पाकिटातली चिठ्ठी)

खुडबुडी, हे त्यांच्या नकळत घालतेय. बागबीग काही नाही गं. वर्षभरात त्यांचे कान गेलेत. फोनवर तर काहीच कळत नाही. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. डॉक्टर म्हणाले, कानातली बारीक हाडं आखडलीत, आतला कान शाबूत आहे, यंत्र लावा. तर यांचं एकच, लोक काय म्हणतील! ज्या मेकॅनिकला इंजिन ऐकू येत नाही त्याने गाडी ठेवून करायचं काय, असं म्हणून भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. मीही हल्ली फारशी बोलत नाही. ओरडून ओरडून किती बोलणार?
आई

५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नवा जेट बसवला, धूर गेला. पण दोन्ही कार्बोरेटर काही केल्या एकसारखे होईनात. नळी कानाला लावली की मला नुसता वारा ऐकू येतो. तेव्हा वीस तारखेला गाडी अशीच लंगडत आणतेय. शेवटचं काम तुम्हीच करायचंय.

मला सगळं कळलंय. आईवर चिडलात तर माझ्याशी गाठ आहे. वाईट एवढंच वाटलं की माझ्यापासून लपवलंत. आता मीही तुम्हाला काही शिकवते. आवाज दातांतून आणि जबड्याच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत जातो. तुमचा तो लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर शोधून ठेवा. टोक कार्बोरेटरवर टेकवायचं, मूठ दातांत धरायची. तुमचे दात मी इतकी वर्षं कशासाठी राखले?

जमेलच असं नाही. नाहीच जमलं तर दोघं मिळून रडू, मग न्या म्हणावं भंगारात.

तुमच्या दातांची आणि तुमची,
खुडबुडी

२३ एप्रिल

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी तू विचारलंस, डोळ्यांत पेट्रोल उडालं का. नव्हतं उडालं. मूठ दातांत धरली तर आधी काहीच नाही, आणि मग एकदम डोक्याच्या मधोमध इंजिन सुरू झालं. वर्षभर मला वाटत होतं, माझा आता कोणाला उपयोग नाही. डाव्याचा स्क्रू अर्धा आटा फिरवला, उजव्याचा पाव, आणि दोघं एका सुरात आले. भंगारवाला काल आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला.

आता तू गेल्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी तुझी आई लांब दांड्याची लाकडी पळी घेऊन आली. एक टोक स्वतःच्या गळ्याशी टेकवलं, दुसरं माझ्या दातांत दिलं आणि बोलली. न ओरडता, तिच्या नेहमीच्या आवाजात. मी दातांत प्राण आणून ऐकत होतो, तर म्हणाली की ग्रीसचे हात पडद्याला पुसायचे नाहीत. मी पळी सोडली नाही, अजून बोल अशी खूण केली. मग ती चांगला अर्धा तास बोलली. तोंडात पळी असल्यामुळे मला मध्ये बोलता येईना, हे तिला फारच आवडलंय.

सोमवारी कानाचं यंत्र आणायला निघालोय, दोघं, आपल्याच गाडीतून. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, आता मला ऐकू तरी येईल.

यंत्र आलं तरी पत्रं बंद करू नकोस.
बाबा